पूल ओलांडून देणारा वॉल्टर कंगास

वॉल्टर कंगासने पुलाच्या मधोमध ट्रक थांबवला तेव्हा मला वाटलं, टायर गेला. जून महिना होता, सकाळचे दहा वाजले होते, वारा पडलेला. मी मागच्या ट्रकमध्ये होतो. आमच्या पुलावर कारण नसताना गाडी थांबवायची नाही. नव्या माणसाला हा नियम पहिल्याच दिवशी सांगतात, आणि तो सांगायचं काम कंगासचं होतं.

मी उतरून खिडकीपाशी गेलो. चारही टायर ठीक होते. कंगास दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. चेहरा ओल्या सिमेंटच्या रंगाचा. मानेवरून घाम ओघळत होता.

"हृदय," तो म्हणाला. "ड्यूई, मी चाललो."

"कुठे चाललास?"

"वर, गाढवा!"

मी त्याला बाजूला सरकवलं आणि ट्रक दक्षिण किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेला. पोचेपर्यंत त्याचा रंग परत आला होता. तरी त्यांनी त्याला एक दिवस ठेवून घेतलं, छातीला तारा लावल्या, चार वेळा रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आला आणि म्हणाला, "तुमचं हृदय ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा चांगलं."

"मग काल मरत कोण होतं?" कंगासने विचारलं.

डॉक्टरने गोळ्यांची एक छोटी बाटली लिहून दिली. पुन्हा तसं झालं तर एक घ्यायची, बस. आम्ही घरी आलो.

कंगास तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. बाप फिनलंडहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेला. खाण बंद पडली, बाप बसला, आणि हा चोविसाव्या वर्षी पुलावर लागला. चार वर्षांनी मी लागलो. रंगकाम, बोल्ट कसणं, केबल तपासणं, हिवाळ्यात बर्फ काढणं, हे आमचं काम. दुसऱ्याने कसलेला बोल्ट तो पाना लावून पुन्हा पाहायचा. माझ्याही बोल्टला पाना लावायचा. मला राग यायचा, आणि वर्षातून एखाद्या वेळी त्याचं बरोबर निघायचं. मुख्य केबलवरून तो मनोऱ्याच्या टोकापर्यंत साडेपाचशे फूट असा चढायचा, जसे लोक फाटकाजवळच्या पेटीतून टपाल आणायला जातात. वर जाऊन डबा उघडायचा आणि पेस्टी खायचा, म्हणजे मांसाचं सारण भरलेली जाड करंजी. सरोवराकडे तोंड करून, पाय खाली सोडून. तो माणूस ट्रकमध्ये बसून, सपाट रस्त्यावर, मरायला लागला होता. माझा विश्वास बसेना.

त्यात आणखी एक गोष्ट होती. आमच्या पुलावर एक जुनी पद्धत आहे. ज्याला पूल ओलांडायची भीती वाटते त्याने टोलनाक्यावर तसं सांगायचं. आमच्यातला एक जण येतो, त्याची गाडी चालवतो, त्याला पलीकडे नेऊन सोडतो. पाच मैलांचा पूल आहे, आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, जाळीतून खाली पाणी दिसतं. भले भले गडबडतात. सोळा चाकी ट्रक चालवणारे मी पाहिलेत, युद्धावरून आलेला एक सार्जंट पाहिला, तो मागच्या सीटवर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. या कामात कंगास सगळ्यात चांगला. त्यांना डोक्यावरून घ्यायला घोंगडी तो स्वतःची न्यायचा. "डोळे मिटा, बाई," तो म्हणायचा. "उघडायचे कधी ते मी सांगतो." नाताळात त्याच्या नावाने बिस्किटांचे डबे यायचे. एक शाळेतली बाई दर ईस्टरला बहिणीकडे जायची. पहिल्या वर्षी ती पुढे, डोळे उघडे ठेवून बसली. मग डोळे मिटून. मग मागे, घोंगडीखाली. सहाव्या वर्षी तिने विचारलं, डिकीत झोपले तर चालेल का. आम्ही आठवडाभर हसत होतो.

दुसरा झटका दोन आठवड्यांनी आला, तिसरा त्यानंतर चारच दिवसांनी. तिन्ही पुलावर, तिन्ही गाडी चालवताना. छाती धडधडायची, बोटं बधिर व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. प्रत्येक वेळी इस्पितळ, प्रत्येक वेळी हृदय ठणठणीत.

आम्ही दोघं उत्तर किनाऱ्यावर राहायचो आणि आमची कार्यशाळा दक्षिणेला. म्हणजे रोज दोनदा पूल. मी म्हटलं, माझ्या गाडीतून ये. यात मला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे जोडीदार ढिला पडला की दुसरा त्याचं ओझं घेतो, आणि त्याची वाच्यता होत नाही. पहिल्या महिन्यात तो माझ्या शेजारी बसून गप्पा मारायचा. दुसऱ्या महिन्यात गप्पा बंद झाल्या, तो पायांकडे बघायला लागला. ऑगस्टमध्ये मला म्हणाला, "बाहेरच्या लेनने घे, जाळीचा आवाज नको." ऑक्टोबरमध्ये त्याने पूल सुरू व्हायच्या आधी गोळी घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी त्याने कॅनव्हासचं जाकीट काढलं आणि डोक्यावरून घेतलं.

मी बाहेरच्या लेनने गाडी चालवत राहिलो.

पलीकडे गेल्यावर तो जाकीट घालायचा, केबलवर चढायचा आणि दिवसभर काम करायचा. काम चोख. भित्र्या लोकांच्या गाड्यांचं काम तेवढं त्याने सोडलं. मुकादमाला सांगितलं, पाठ दुखते. मुकादमाने ते काम मला दिलं. असे अकरा महिने गेले.

त्या अकरा महिन्यांत घरी काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये त्याची बायको डोरीन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोट काढला नाही.

"तो माझ्याबरोबर दुकानात येत नाही," ती म्हणाली. "नऊ महिने झाले. रांगेत उभं राहवत नाही म्हणतो. चर्चमध्ये दाराजवळ बसतो. खुर्चीत झोपतो, पायात बूट घालून."

"बूट कशाला?"

"इस्पितळात जायला उशीर नको म्हणून." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला माहीत होतं, ड्यूई?"

"गाडीतलं माहीत होतं."

"गाडीतलं काय?"

मी तिला जाकिटाचं सांगितलं. तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "तू ऑक्टोबरमध्ये निवृत्त होतोयस. मग त्याला नेणार कोण?"

हा विचार मी केलाच नव्हता. मी गेलो की कंगासला एकट्याने पूल ओलांडावा लागणार, नाहीतर पूल सोडावा लागणार. तीस वर्षं पुलावर काढलेला माणूस पूल ओलांडता येत नाही म्हणून घरी बसणार होता. हे मी मनात दोनदा म्हणून पाहिलं, तरी खरं वाटेना.

डोरीननेच बाई शोधली. लोरेन पेल्टिए नाव, इथल्याच मूळनिवासी ओजिब्वे लोकांतली, मानसोपचाराचं शिकून परत आलेली. हार्डवेअरच्या दुकानाशेजारी दोन खोल्या. कंगास पहिल्यांदा गेला तेव्हा दुकानातून खिळ्यांची पुडी घेऊन गेला, कुणी पाहिलं तर सांगायला. तीन-चार वेळा गेल्यावर तिने निरोप पाठवला, जो गाडी चालवतो त्याला घेऊन या.

मी गेलो. कौतुक होईल अशी माझी समजूत होती, खोटं कशाला सांगू.

पेल्टिएबाई साठीला आलेल्या, केस आखूड कापलेले. त्यांनी आधी मला सगळं समजावलं, कारण कंगासने तशी परवानगी दिली होती. म्हणाल्या, हा आजार आहे, नाटक नाही आणि भित्रेपणाही नाही. पहिल्या झटक्याच्या आदल्या हिवाळ्यात त्याचा भाऊ गेला होता. त्यानंतर सहा महिने त्याने जादा पाळ्या केल्या, चार तास झोप, दिवसाला दोन थर्मास कॉफी. शरीरात धोक्याची घंटा असते, ती असल्या दिवसांत उगाच वाजू शकते. तशी ती जूनमध्ये वाजली.

"आणि काही घरांत ही घंटा जरा लवकर वाजणारी असते," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईचं सांगा त्यांना."

कंगास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई चौदा वर्षं अंगणाच्या बाहेर गेली नाही. आम्ही म्हणायचो, आईचं पोट नाजूक आहे."

मी त्याच्या आईला ओळखत होतो. तिच्या हातची वेलचीचा गोड पाव मी खाल्ला होता, तिच्याच स्वयंपाकघरात, दर वेळी तिच्याच स्वयंपाकघरात. चौदा वर्षं. मला एकदाही शंका आली नव्हती.

"पण मग केबलवर काही होत नाही ते कसं?" मी विचारलं. "पडला तर तिथून पडेल."

"तिथे चढताना छाती धडधडते," बाई म्हणाल्या, "आणि हे म्हणतात, चढलो म्हणून धडधडते. ट्रकमध्ये बसल्या बसल्या धडधडली की म्हणतात, मी मरतोय. यांना पुलाची भीती नाहीच. यांना स्वतःच्या छातीची भीती आहे. पूल नुसता अशी जागा आहे जिथे थांबता येत नाही आणि मागे फिरता येत नाही. दुकानातली रांगही तशीच."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यांना किती दिवस नेताय?"

"अकरा महिने. रोज, दोनदा."

"आणि प्रत्येक वेळी हे जिवंत पोचले. का पोचले असं यांना वाटतं?"

मी कंगासकडे पाहिलं.

"ड्यूईने चालवलं म्हणून," कंगास म्हणाला. "गोळी होती म्हणून. जाकीट होतं म्हणून."

"म्हणजे रोज दोनदा यांनी एकच धडा गिरवला," बाई म्हणाल्या. "की एकट्याने गेलो असतो तर मेलो असतो. तो धडा खोटा आहे हे कळायची संधी यांना एकदाही मिळाली नाही. तुम्ही वाईट हेतूने केलं नाही. पण आजार त्यावरच वाढला."

माझे कान गरम झाले. आयुष्यात मी कामाबद्दल बोलणी खाल्लीत, पण ती काहीतरी करायचं राहिलं म्हणून. इथे बाई मला सांगत होत्या की मी केलं हेच चुकलं. मी म्हटलं, "मी मदत केली, बाई. पेट्रोलसुद्धा माझं होतं."

"ती डिकीतली बाई," कंगास एकदम म्हणाला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. "ड्यूई, ती पहिल्या वर्षी डोळे उघडे ठेवून बसली होती रे. डोळे मिटा म्हणून तिला मी सांगितलं."

शेजारच्या दुकानात कुणीतरी किल्ली घासून घेत होतं, त्याचा आवाज येत होता.

उपचार मी पाहिले, आणि पाहूनही पटायला वेळ लागला. डॉक्टरने रोजची एक वेगळी गोळी सुरू केली. तिचा गुण यायला पाच-सहा आठवडे लागतात असं सांगितलं, आणि लागले. खिशातली तातडीची गोळी डॉक्टरने हळूहळू कमी करत बंद केली. कॉफी एक कप. आणि बाईंकडे आठवड्यातून एकदा तालीम. बाई त्याला बारीक नळीतून श्वास घ्यायला लावायच्या, एक मिनिट, नाक दाबून. फिरत्या खुर्चीत बसवून गरागरा फिरवायच्या. जिन्यावर पळवायच्या. धडधड मुद्दाम आणायची आणि मग काहीच करायचं नाही, बसून राहायचं, आकडा सांगायचा. भीती शून्य ते दहात किती.

"तीस वर्षं घाम गाळला," कंगास मला म्हणाला, "आणि आता खुर्चीत बसून भोवऱ्यासारखा फिरतोय. कुणाला सांगितलंस तर तुला पुलावरून खाली टाकीन."

"टाकायला आधी पुलावर ये."

तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

मग पायऱ्या ठरल्या. आधी माझ्या गाडीत, जाकीट नाही. मग डोळे उघडे. मग जाळीवरून. प्रत्येक पायरी पाच-सहा वेळा, आकडा खाली येईपर्यंत. मला सूचना एकच होती: धीर द्यायचा नाही. "काही होणार नाही" म्हणायचं नाही. गप्पा मारायच्या नाहीत. मला ते फार जड गेलं. शेजारी जोडीदार घामाने भिजतोय आणि आपण रस्ता बघत बसायचं, हे आमच्या हाडांत नाही.

ऑगस्टच्या शेवटी त्याने चालवायचं ठरलं. त्या आठवड्यात बाहेरच्या लेनचं काम चाललं होतं, शंकू लावून ती बंद केली होती, त्यामुळे कामाचा ट्रक तिथे थांबवता येत होता. मी शेजारी. पहिला मनोरा ओलांडेपर्यंत तो नीट होता. मग त्याचा श्वास बदलला. मधोमध, जवळपास त्याच जागी, त्याने ट्रक थांबवला.

"ड्यूई, घे."

मी हललो नाही.

"अरे, घे म्हणतो ना! या वेळी खरं आहे. डावा हात गेलाय."

"आकडा सांग."

"आकडा गेला खड्ड्यात! मला मारायला आणलंस का? डोरीनला काय सांगशील?"

मी खरं सांगतो, मला वाटलं तो मरतोय. बाईंनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं आणि त्या घडीला त्यातलं एक अक्षर खरं वाटत नव्हतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. हात मोकळे ठेवले असते तर मी स्टिअरिंग घेतलं असतं.

त्याने मला शिव्या दिल्या, इंग्रजीत आणि फिनिशमध्ये. माझ्या बापाला दिल्या. मग रडला. चौपन्नाचा पंचावन्न झालेला माणूस, रुंद खांद्यांचा, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. शेजारून गाड्या जात होत्या, जाळी गुणगुणत होती.

"दहा," तो म्हणाला.

मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं झाली होती.

"दहा." मग बऱ्याच वेळाने, "नऊ." मग एकदम मान वर करून, आश्चर्याने, "सात. ड्यूई, सात. मी काही केलं नाही. आपोआप खाली आला."

"बघ."

"गोळीसुद्धा नव्हती."

"बघतोय मी."

सगळे मिळून अकरा मिनिटं लागली. आकडा चारवर आल्यावर त्याने गियर टाकला आणि पलीकडे नेलं. तिथे उतरून मी ट्रकच्या मागे गेलो. बंपरवर बसलो आणि डोकं गुडघ्यात घातलं. कंगास येऊन बघत उभा राहिला. "तुला काय झालं?" म्हणाला. "पाणी आणू का?"

नंतर सगळं सरळ झालं असं नाही. सप्टेंबरमध्ये दोनदा त्याने सकाळी फोन करून सांगितलं, आज येत नाही. दुसऱ्या वेळी मी त्याच्या घरी गेलो आणि डोरीनसमोर म्हणालो, "आज नाही गेलास तर उद्या दुप्पट जड जाईल." तो म्हणाला, "पेल्टिएबाई झालास होय?" आणि बूट घातले. डोरीन म्हणाली, हल्ली झोपताना ते काढतो.

शेवटची पायरी होती, एकट्याने. मी मागेसुद्धा यायचं नाही.

माझा शेवटचा दिवस ऑक्टोबरात आला. कार्यशाळेत केक कापला, मुकादम दोन शब्द बोलला, पोरांनी माझ्या हेल्मेटला सोनेरी रंग मारून दिला. चार वाजता वारा सुटला. पुलावर पिवळा दिवा लागला, म्हणजे वेग कमी ठेवा. मी कंगासकडे पाहिलं. मुकादमाकडून रात्रीपुरता मागून घेतलेल्या कामाच्या ट्रकची काच तो पुसत होता.

"दिवा पाहिलास?" मी विचारलं.

"मला दिसतं."

"उद्या कर. उद्या वारा नसेल."

बोललो आणि जीभ चावली. त्याने फडकं खाली ठेवलं. "ड्यूई," तो म्हणाला, "तू सुधारणार नाहीस." आणि गेला.

मी वीस मिनिटं थांबलो. तसं ठरलं होतं. वीस मिनिटं कशी काढली ते विचारू नका. मग माझी गाडी काढली. मधोमध त्याचा ट्रक उभा दिसेल असं मला वाटत होतं. प्रत्येक खांबामागे मी तो पाहत होतो. मनोरा गेला, दुसरा गेला. ट्रक नव्हता.

उत्तरेच्या टोकाला रस्त्याकडेला तो उभा होता. दार सताड उघडं. कंगास गवतावर बसला होता, शर्ट पाठीला चिकटलेला, दोन बुटांमध्ये ओकलेलं.

मी धावत गेलो. "काय झालं?"

"आठ झाला," तो म्हणाला. त्याने तोंड पुसलं. "मधे नऊ झाला. जाळीवर ट्रक सरकत होता वाऱ्याने. थांबलो नाही."

"पोचलास."

"पोचलो."

मी हात पुढे केला, त्याने तो धरला आणि उठला. मला वाटलं आता घरी जाऊ, डोरीनला सांगू. तो ट्रकमध्ये चढला आणि तोंड पुलाकडे वळवलं.

"अरे, घर इकडे आहे!"

"अजून सहावर आहे," तो म्हणाला. "सहावर घरी गेलो तर रात्रभर सहाच राहील. एकदा जाऊन परत येतो."

"आता? या वाऱ्यात?"

मी दुसऱ्या बाजूने गेलो. विचार केला नव्हता, पाय आपोआप गेले. दाराच्या मुठीवर हात ठेवला. कंगासने माझ्याकडे पाहिलं, आतून हात लांब केला आणि लॉक खाली दाबलं.

ट्रक निघाला. वारा त्याला थोडा डावीकडे रेटत होता आणि तो पुन्हा सरळ होत होता. मी मूठ धरलेला हात तसाच धरून गवतात उभा होतो.